तडकलेल्या डाळिंबाचा आंबवलेला रस : प्रोबायोटिक कधी, दारू कधी?

सोलापूर : पाण्याची पाळी चुकली की डाळिंब तडकतं, हे सांगोला-मंगळवेढ्याच्या बागायतदाराला सांगायला नको. दाणे चांगले असले तरी व्यापारी असा माल बाजूला काढतो. इकडे शहरात सात रस्ता परिसरात दुकानाच्या फ्रीजमध्ये 'प्रोबायोटिक' लिहिलेली बाटली दिसते, तेव्हा प्रश्न पडतोच, आपल्या डाळिंबाचं असं काही होईल का?

होईल. पण आंबलेलं सगळंच प्रोबायोटिक नसतं. रस नुसता झाकून ठेवला तर सालीवरून आलेलं यीस्ट साखर खातं आणि दारू व वायू तयार करतं. घट्ट बूच लावलेली बाटली त्या वायूने फुटूही शकते. पुढे हवा लागली की त्याच दारूचं व्हिनेगर होतं. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वेगळे, दही लावणाऱ्यांचे भाऊबंद. ते जिवंत आणि पुरेशा संख्येने पोटात जाऊन फायदा देतात तेव्हाच त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. एफएसएसएआयच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत असे किमान १० कोटी जिवाणू हवेत. आंबवल्यावर उकळलेल्या रसात ते उरत नाहीत.

डाळिंबाचा रस मुळातच आंबट, सगळे जिवाणू त्यात टिकत नाहीत. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम मात्र बऱ्यापैकी तग धरतो. त्यासाठी रस आधी तापवून त्यातलं यीस्ट मारतात, कोमट झाल्यावर या जिवाणूचं तयार कल्चर घालतात आणि साधारण ३० अंशांवर दोन-तीन दिवस झाकून ठेवतात. मग थेट फ्रीज. दह्याचं विरजण इथे भरवशाचं नाही, त्या जिवाणूंना दूध मानवतं.

फळ त्याच दिवशी तडकलेलं हवं. तेल्याचे डाग माणसाला बाधत नाहीत, पण दाणे काळे पडलेले किंवा बुरशी लागलेली असेल तर फळ टाकून द्या. बुरशीचं विष तापवूनही जात नाही. आजाराने प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी असा रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

विकायचा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, आणि प्रयोगशाळेत जिवाणूंची मोजणी केल्याशिवाय 'प्रोबायोटिक' लेबल लावू नये. फ्रीजमध्येही ते दिवसागणिक घटतात. यीस्टने आंबवून वाइन करायची तर उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवाच, घरचा माल म्हणून सूट नाही. डाळिंब प्रक्रियेबद्दल विचारायला जिल्ह्यातच, केगावला, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.