लखनौ विद्यापीठाचे शताब्दी नाणे : अर्धी चांदी, पूर्ण चलन

लखनौ विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त २५ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य संवादाद्वारे स्मारक नाण्याचे अनावरण केले. शंभर वर्षांपूर्वी याच दिवशी विद्यापीठाच्या कायद्याला मंजुरी मिळाली होती. १८६४ मध्ये सुरू झालेले कॅनिंग कॉलेज हा या विद्यापीठाचा पाया. १९२१ मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला आणि विधी ही पहिल्या शाखांपैकी एक ठरली. माजी राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांनी येथे कायद्याचे शिक्षण घेतले आणि पुढे कायदा शिकवलाही. १९८६-८७ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. माजी सरन्यायाधीश आदर्श सेन आनंद हेही येथलेच विधी पदवीधर.

नाण्याचे दर्शनी मूल्य शंभर रुपये. बोलताना त्याला चांदीचे नाणे म्हटले जात असले, तरी ते चार धातूंच्या मिश्रणाचे आहे : चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. व्यास ४४ मिलिमीटर आणि वजन ३५ ग्रॅम. म्हणजे निव्वळ चांदी साडेसतरा ग्रॅमच. मग ती वितळवून घ्यावी, असा विचार कोणाच्या मनात आलाच, तर नाणे अधिनियम, २०११ आडवा येतो. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. विधी शाखेचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थेच्या नाण्याला हे शोभूनच दिसते!

अशी नाणी बाजारात फिरत नाहीत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळी चालवणारे सरकारी महामंडळ स्मारक नाणी मागणी नोंदवून घेऊन, दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किमतीस विकते. संग्राहकांमध्ये त्यांची पुन्हा विक्री होते, आणि फसवणूक शिरते ती येथेच. नाण्याला लाखो रुपये मिळतील, असे आमिष दाखवून आधी 'कमिशन' किंवा 'कर' भरायला लावण्याचे प्रकार घडत असल्याने रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक जुन्या नोटा-नाण्यांचा असा व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्कही मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे तिने त्यात स्पष्ट केले होते.