शिरोळकडील कौलारू छपरांची शाकारणी व दप्तरांचें रक्षण

जुन्या कागदांच्या अभ्यासकांस ‘कौल’ हा शब्द पुल्लिंगी म्हणून परिचित असतो. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस सरकारांतून अभयाचा व सवलतीचा जो कागद मिळे तो कौल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन. प्रस्तुत लेखाचा विषय नपुंसकलिंगी कौल होय. छपरावरचें तें मातीचें कौल शाबूत नसेल तर खालच्या पेटींतला तो कौलही राहत नाहीं, इतकाच आमचा मुद्दा आहे. परंतु शिरोळ तालुक्यांत कागद शोधीत हिंडतांना तो आम्हांस वारंवार पटला आहे.

पोथी लिहून संपविणारा लेखक तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून रक्षण करण्याची विनंती पोथीच्याच तोंडीं घालतो, हें वाचकांस विदित आहेच. यांपैकीं पाणी शिरोळास दोन वाटांनीं येतें. खुद्द शिरोळावर पाऊस बेताचा. परंतु सह्याद्रीवर पडलेलें पाणी कृष्णा व पंचगंगा या नद्या नृसिंहवाडीच्या संगमावर आणून सोडतात. २००५, २०१९ व २०२१ या सालचे महापूर सर्वांच्या स्मरणांत आहेत. पाणी खालून चढूं लागलें कीं लोक दप्तर माळ्यावर नेऊन ठेवितात. म्हणजे पुरापासून वांचलेला कागद सर्वस्वीं छपराच्या स्वाधीन होतो. याच तालुक्यांत खिद्रापूर येथें कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचें छत मध्यभागीं गोलाकार उघडें आहे, आणि यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकांतील शिलालेखही त्याच देवालयांत आहे. दगडास उघडें आकाश सोसतें. रुमालांतील कागदास तें पावसाची एक रात्रही सोसत नाहीं.

जुनें छप्पर नळीच्या कौलांचें असे. कुंभार चाकावर निमुळती नळी काढी, ती ओली असतांच उभी चिरी, आणि दोन अर्ध्या नळ्या आव्यांत भाजून काढी. एक ओळ उताणी व तिच्या कडेच्या फटींवर दुसरी पालथी, अशी मांडणी. उताण्या ओळींतून पाणी वळचणीकडे वाही. या कौलास अडकण्यास खांच नसते. तें आपल्या वजनानें व शेजाऱ्याच्या आधारानें टिकतें. वारा, मांजर, माकड, कोणाच्याही धक्क्यानें तें सरकतें, आणि उताण्या ओळींत पाला साचला कीं पाणी आंत उलटतें. म्हणून मृगापूर्वीं दरसाल शाकारणी अवश्य असे. कौलें उतरवून झाडणें, फुटकीं काढून नवीं घालणें, किडलेल्या रिपा बदलणें, आढ्यावरचीं कौलें चुन्यांत पक्कीं करणें, हीं त्यांतील कामें.

१८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथील जेप्पू भागांत कौलांचा कारखाना काढला. सांच्यांत दाबलेलें हें चपटें कौल पाठीवरील उंचवट्यानें रिपेस अडकतें व कडेच्या खांचांनीं शेजारच्या कौलांत गुंततें; त्यामुळें दरसाल परतण्याची गरज फारशी उरत नाहीं. तरी आढ्यावरचा चुना तडकणें व दोन पाख्यांच्या सांध्यांतील पत्रा गंजणें मंगळुरी छपरासही चुकत नाहीं. शिवाय जुन्या शाकारणीच्या निमित्तानें वर्षांतून एकदां कोणी तरी माळ्यावर चढे, दप्तर हाले, वाळवी लागली असल्यास दिसे. तें चढणें आतां सुटलें.

२०१९ च्या वैशाखांत आम्ही तालुक्यांतील एका घरीं दप्तर पाहण्यास गेलों होतों. भर दुपारीं माळ्याच्या फळ्यांवर रुपयाएवढा कवडसा पडला होता. यजमान म्हणाले, “मास्तर, पुढच्या वर्षीं स्लॅबच घालायचा आहे, आतां शाकारून काय करायचं?” आम्हीं मान डोलाविली आणि रुमाल सोडून वाचावयास बसलों. ऑगस्टांत पूर आला. पाणी माळ्यापर्यंत चढलें नाहीं. मंडळी परतली तेव्हां खालचें धान्य गेलें होतें, आणि पुरापासून वांचविण्यासाठीं वर नेलेला एक रुमाल त्या कवडशाच्याच जागीं भिजून ठोकळा झाला होता. काजळी व डिंक यांची शाई पाणी लागतांच पसरते. पत्रांचे मायने व अखेरचे शब्द तेवढे उरले. मधला मजकूर गेला. आम्हीं यादी केली होती, नकला केल्या नव्हत्या. यजमानांस दोष देववत नाहीं. कवडसा आम्हींही पाहिला होता.

येथून जवळच मिरजेस संस्कृतचे अध्यापक असलेले कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करून पटवर्धनांचीं पत्रें अभ्यासकांपुढें ठेविलीं. त्यांच्या परिश्रमाचा गौरव सर्वत्र होतो व तो योग्यच आहे. परंतु त्यांच्या हातीं येईपर्यंत तीं पत्रें पिढ्यान् पिढ्या कोणत्या तरी छपराखालीं कोरडीं राहिलीं होतीं. तें छप्पर शाकारणाऱ्यांचीं नांवें कोणत्याही प्रस्तावनेंत येत नाहींत.

सबब संग्राहकांस आमची विनंती अशी: दप्तर पाहावयास जाल तेव्हां रुमाल सोडण्यापूर्वीं वर पाहावें, आणि उजेड दिसल्यास संकोच न करितां सांगावें. दप्तर आढ्याखालीं अथवा पाख्यांच्या सांध्याखालीं ठेवूं देऊं नये. भिजलेले कागद उन्हांत न टाकितां सावलींत वाऱ्यावर वाळवावे. जुन्या जमाखर्चांत कौलें, रिपा, चुना व मजुरी यांचीं कलमें आढळल्यास तीं किरकोळ समजून गाळूं नयेत. त्या घरचे कागद आपणांपर्यंत कसे पोंचले याचा तोही पुरावाच होय. आम्हीं स्वतः त्या वर्षापासून एक नियम केला आहे. ज्या घरचें छप्पर गळतें, तेथें पहिल्याच दिवशीं नकलेस बसावें. यादी मागाहून करावी.