आट्यांचा इतिहास

नटबोल्टाला कसला आला आहे इतिहास, असे काही श्रोत्यांस वाटेल. पण राजांच्या वंशावळीपेक्षा आट्यांची वंशावळ कामकऱ्यास अधिक उपयोगी आहे, असे आमचे मत आहे.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील कारखान्यांत एका बोल्टाचा नट दुसऱ्यास बसेल अशी खात्री नसे. आटे कारागिराच्या हातच्या सवयीने पडत. जोडीजोडीवर खूण करून ठेवावी लागे. जोडी फुटली की दुरुस्ती अडलीच. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने आटे पाडण्याचा लेथ सुधारला आणि हत्यार कारागिराच्या मुठीतून यंत्राच्या सरकत्या बैठकीत गेले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे गावोगावच्या कारखान्यांतून बोल्ट जमवून, मापे घेऊन सरासरी काढली आणि १८४१ साली ती विद्वानांपुढे मांडली. आट्याचा कोन ५५ अंश. अर्ध्या इंची बोल्टास इंचाला १२ आटे, एक इंचीस ८. सरासरी शेकडो अनाम हातांची होती. नाव मात्र एकट्या व्हिटवर्थचे लागले.

आता नट कोणत्याही बोल्टास चालू लागला. मग यंत्रावर माणूसही कोणताही चालेल, असे मालकांस वाटू लागले तर नवल नाही. १८५१ साली इंग्लंडातील यंत्रकारागिरांनी आपले संघ एकवटले. सक्तीचे जादा तास व नगावर मजुरी बंद करा, ही त्यांची मागणी होती. यंत्रांवर बिगारी बसवू नयेत, हाही वाद होताच. जानेवारी १८५२ मध्ये लँकेशायर व लंडनच्या मालकांनी कारखान्यांस टाळे ठोकले. एप्रिलपर्यंत संघाची गंगाजळी आटली, आणि संघ सोडल्याच्या कागदावर सही करूनच पुष्कळांस कामावर परतावे लागले. पुढे संघ पुन्हा उभा राहिला, ती हकीकत निराळी.

१८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, चपट्या माथ्याचा आटा सुचविला. त्याचे म्हणणे सरळ होते: व्हिटवर्थचा गोल माथा घडविण्यास तीन हत्यारे व दोन लेथ लागतात, माझ्यास एक हत्यार व एक लेथ पुरे. ही बचत कोणाच्या मजुरीतून झाली, हे त्याने सांगितले नाही.

सेलर्सच्या अर्ध्या इंची बोल्टास इंचाला १३ आटे. कोनांच्या व आट्यांच्या अशा फरकांपायी दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे सुटे भाग एकमेकांस बसेनात. १९४८ साली वॉशिंग्टनला अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांवर तडजोड केली. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मिलिमीटर आला. तरी हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंची बोल्टास अजून ‘चार सुती’ म्हणूनच मागतात.