हातमोजा आणि पारा

बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथे शस्त्रक्रिया उघड्या हातांनी होत. जंतू मारायचे म्हणून ते हात आधी साबणाने, मग पोटॅशियम परमँगनेटने, मग गरम ऑक्झॅलिक ॲसिडने धुतले जात आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी क्षाराच्या द्रावणात बुडवले जात. शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या कातडीला हे द्रावण सोसेना. हातांवर पुरळ उठले, त्वचा सोलवटू लागली, काम सोडण्याची वेळ आली. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांना त्यांच्यासारखी तरबेज मदतनीस गमवायची नव्हती. त्यांनी न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीकडे पातळ रबराचे, मनगटाच्या वर जाणारे हातमोजे बनवून मागितले. आधी फक्त दोन जोड. ते चांगले ठरले म्हणून मग आणखी. जून १८९०मध्ये हॉल्स्टेड आणि हॅम्प्टन यांचे लग्न झाले आणि कॅरोलिनबाईंनी शस्त्रक्रियागृह सोडले. मोजे मात्र तिथेच राहिले.

या कथेतले प्रेमप्रकरण वैद्यकाच्या इतिहासात आवडीने सांगितले जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. शस्त्रक्रियेचा हा मोजा रुग्णासाठी जन्मलाच नव्हता. काम करणाऱ्या बाईचे हात रसायनापासून वाचावेत, एवढ्यासाठी तो बनला. मोजे घातले की रुग्णाच्या जखमा कमी चिघळतात, हे ध्यानात यायला पुढे कित्येक वर्षे गेली. हॉल्स्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९मध्ये हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा कुठे ते आकड्यांनी दिसले. मग डॉक्टरांनी मोजा आपलासा केला आणि त्याचे मूळ काम मागे पडले.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे तो शस्त्रक्रियागृहाच्याच गरजेने घडला. बोटांना नस कळली पाहिजे, म्हणून तो पातळ झाला. आधी तो उकळून, ठिगळ लावून पुन्हा वापरत. १९६०च्या दशकात एकदा वापरून टाकून द्यायचे लॅटेक्सचे मोजे आले. १९८०च्या दशकात एड्सची साथ पसरली, प्रत्येक रुग्णाचे रक्त धोक्याचे मानायचा नियम झाला आणि मोज्यांची मागणी प्रचंड वाढली. खोकी स्वस्त झाली. दवाखान्यांतून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली, उपाहारगृहांत गेली आणि रसायनशास्त्राच्या टेबलावरही येऊन बसली. रसायनापासून वाचवायला निघालेला मोजा शंभर वर्षांनी रसायनांकडे परतला. पण मधल्या काळात तो रक्त आणि पाणी अडवायला शिकला होता, सेंद्रिय द्रवांशी त्याची गाठच पडली नव्हती.

ती गाठ १४ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पडली. कॅरेन वेटरहान तिथे रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. विषारी धातू पेशींवर काय परिणाम करतात, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या दिवशी एका मोजणीसाठी त्या डायमिथिल मर्क्युरी हा द्रव एका नळीत घेत होत्या. काम विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये चालले होते, डोळ्यांवर चष्मा होता, हातात लॅटेक्सचे मोजे होते. द्रवाचे काही थेंब मोज्यावर पडले. त्यांनी काम आवरले, मोजे काढले, हात धुतले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे काहीही चुकले नव्हते. पाच महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. जानेवारी १९९७मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचे निदान झाले, तेव्हा उपचारांची वेळ टळून गेली होती. शुद्धीवर होत्या तोवर त्यांनी एकच आग्रह धरला, की आपल्याला काय झाले ते इतर संशोधकांना कळवा. ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या हातात होते तसल्या मोज्यांची नंतर चाचणी झाली. डायमिथिल मर्क्युरी त्यातून १५ सेकंदांच्या आत पार होत होते.

पाऱ्याच्या एका संयुगापासून हात वाचवणारे रबर पाऱ्याच्याच दुसऱ्या संयुगापुढे असे का हरले? मर्क्युरिक क्लोराइड पाण्यात विरघळलेले होते आणि रबर पाण्याला आत घेत नाही. डायमिथिल मर्क्युरी हा सेंद्रिय द्रव आहे. तो रबराच्या रेणूंमध्ये मिसळतो आणि त्यांच्यामधून सरकत पलीकडे निघतो. त्यासाठी मोज्याला भोक असावे लागत नाही. मोजा फाटत नाही, फुगत नाही, त्याचा रंगही बदलत नाही. म्हणून मोजा शाबूत दिसतो म्हणजे हात सुरक्षित आहे, असे कधीच समजू नये.

तोवर रबराची भावंडे जन्मून बरीच वर्षे झाली होती. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३०मध्ये निओप्रीन सापडले. त्याच दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झाले, तेल आणि इंधन सोसणारे. पाठोपाठ ब्यूटाइल रबर आले. १९९०च्या दशकात लॅटेक्सची ॲलर्जी वाढली, तेव्हा नायट्राइलचे पातळ मोजे बाजारात आले आणि आज महाविद्यालयात दिसणारे निळे मोजे बहुधा त्याच जातीचे असतात. सौम्य आम्ले, क्षारांची द्रावणे, हेप्टेनसारखे द्रव यांना ते चांगले तोंड देतात. पण ॲसिटोन त्यांतून लवकर झिरपते, डायक्लोरोमिथेन तर मिनिट-दोन मिनिटांत पार होते. ॲसिटोनला ब्यूटाइल लागते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा मोजा डायक्लोरोमिथेनला अडवतो, पण तो पाण्यात विरघळतो. तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडपुढे पातळ नायट्राइल टिकत नाही, तिथे त्या ॲसिडसाठी तपासलेला जाड, लांब बाह्यांचा मोजा हवा. वेटरहान यांच्या मृत्यूनंतर डायमिथिल मर्क्युरीसाठी जी शिफारस झाली, तीही दुहेरी होती. आत अनेक थरांच्या प्लास्टिकचा मोजा, वर निओप्रीनसारखा जाड.

हे सगळे पाठ करायची गरज नाही, कारण चांगल्या मोज्याच्या खोक्यावर ते छापलेले असते. आयएसओ ३७४ या मानकात अठरा रसायनांना एकेक अक्षर दिले आहे. ए म्हणजे मेथॅनॉल, बी म्हणजे ॲसिटोन, डी म्हणजे डायक्लोरोमिथेन, एल म्हणजे ९६ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. खोक्यावर या मानकाची खूण असते आणि तिच्याखाली ज्या रसायनांची अक्षरे असतात, त्यांपुढे मोजा ठरावीक मिनिटे टिकल्याची चाचणी झालेली असते. मोज्यांची प्रतवारी टाइपने होते, तिची अक्षरे रसायनांच्या अक्षरांहून वेगळी. टाइप ए म्हणजे निदान सहा रसायनांपुढे निदान तीस मिनिटे. टाइप सी म्हणजे निदान एका रसायनापुढे निदान दहा मिनिटे. ही खूणच नसेल, तर तो मोजा प्रयोगशाळेचा नव्हे.

आपल्याकडे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला ॲप्रनची सक्ती असते आणि ती योग्यच आहे. मोज्यांच्या बाबतीत मात्र खरेदीच्या यादीवर बहुतेक वेळा नुसता आकार आणि नग लिहिलेले असतात. विभागप्रमुखांना आणि लॅब असिस्टंटना माझी विनंती आहे. पुढच्या सत्राची यादी करताना आधी त्या सत्रातल्या प्रयोगांची रसायने कागदावर लिहा, मग प्रत्येकासमोर मोज्याचे रबर, जाडी आणि टिकण्याचा वेळ लिहा. पातळ मोज्यावर थेंब पडला की मोजा ताबडतोब काढून टाकायचा आणि बर्नरजवळ तो घालायचाच नाही, हे पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलांना करून दाखवा.