तोफेपासून अग्निबाण-इंजिनापर्यंत : धातूतील जोडाचा इतिहास

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगरजवळील देवगिरी (दौलताबाद) किल्ल्यावर ‘मेंढा’ तोफ आहे. पर्यटक तिच्यावरील मेंढ्याचे मुख पाहतात. धातुविद्येच्या अभ्यासकापुढे मात्र एक प्रश्न उभा राहतो. उष्णता आणि दाब एकाच वेळी साहणारी वस्तू जोडून घडवावी, की एकसंध ओतावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

जोडकाम आणि ओतकाम :

मध्ययुगीन भारतीय भट्ट्यांत मोठ्या तोफेपुरते लोखंड वितळवून ओतणे शक्य नव्हते. म्हणून लोहार लोखंडी पट्ट्यांवर तापलेली कडी चढवून, घणाने ठोकून तोफ घडवीत. अशा तोफेचा प्रत्येक सांधा ही संभाव्य कमकुवत जागा असे. कांसे लोखंडापेक्षा कमी तापमानास वितळते. त्यामुळे त्याची एकसंध तोफ ओतता येई. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने अहमदनगर येथे ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

निकेल मिश्रधातू आणि थरांची घडण :

जेट इंजिनाने हा प्रश्न अधिक बिकट केला. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये निकेल-क्रोमियमयुक्त निमोनिक मिश्रधातू पात्यांसाठी वापरात आला. पुढे आलेला इन्कोनेल ७१८ सुमारे ६५० अंश सेल्सिअसपर्यंत बळ टिकवतो. आज अशा धातूंच्या चूर्णाचे थर लेसरने वितळवून भाग घडविले जातात. थरांच्या याच पद्धतीने घडविलेले पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन इस्रोने ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद यशस्वीपणे चालविले. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड-जोड गेले आणि ५६५ किलोऐवजी १३.७ किलो धातू पुरला.

तथापि जोड खरोखर नाहीसा झाला काय? प्रत्येक थर आधीच्या थरावर वितळूनच बसतो. निकेल मिश्रधातूंत स्फटिककण थर चढण्याच्या दिशेने लांबट वाढतात. परिणामी उभ्या व आडव्या दिशेचे बळ सारखे राहत नाही. सूक्ष्म पोकळ्या व अंतर्गत ताणही उरतात. म्हणून उच्च दाबाखाली तापविणे व नियंत्रित उष्णतासंस्कार आवश्यक ठरतात. दीर्घकाळ उष्णतेत भार साहताना होणारी हळुवार विकृतीही स्वतंत्रपणे तपासावी लागते.

निष्कर्ष :

घटकांचे प्रमाण समान असले म्हणजे धातू समान ठरत नाही. घडणीची प्रक्रिया हाही त्याचा गुणधर्मच होय. जुन्या कारागिरांच्या तोफा आपल्यापर्यंत पोहोचल्या, परंतु त्यांच्या हातातील ज्ञान बहुतांशी अलिखित राहिले. चूर्णाची प्रत, लेसरचा वेग आणि उष्णतासंस्कार यांच्या नोंदी जतन केल्या नाहीत, तर पुढील पिढीच्या हातीही केवळ वस्तूच उरेल. महाविद्यालयीन अध्यापनात घटकांच्या तक्त्याबरोबर प्रक्रियेच्या नोंदीलाही स्थान मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.