आकडा, अंदाज आणि पैज

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक गोष्ट निश्चित आठवत असेल. पैलवान लंगोट कसून मैदानात उतरण्याआधीच कडेला बसलेली जुनी माणसे निकाल सांगून मोकळी होतात. "हा उंच आहे, पण याचा दम टिकणार नाही. तो बुटका दहा मिनिटांनी याला खाली घेईल." पुष्कळदा तसेच घडते. ही काही भविष्यविद्या नव्हे. त्या माणसांनी शेकडो कुस्त्या पाहिलेल्या असतात आणि कोण कशाने हरला याची वही त्यांच्या डोक्यात असते. त्या वहीवरून ती बोलतात.

खेळाआधी खेळाचा अंदाज बांधणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. त्या हौसेतून एक शास्त्र जन्मले आणि एक व्यसनही जन्मले. ही दोन भावंडे एकाच घरात कशी वाढली, आणि त्यांतले कोणते ओळखून दूर ठेवावे, हे आज सांगावयाचे आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. विष्णुपुरीच्या वाटेवर तो मला भेटला. शिक्षण अर्धवट टाकून गावी शेती पाहणारा, हुशार मुलगा. त्याने एक जाड वही पुढे केली. तीत क्रिकेटच्या संघांचे आकडे होते: कोणी किती सामने जिंकले, कोणत्या मैदानावर किती धावा झाल्या, कोणत्या फलंदाजाची सरासरी काय. अक्षर सुरेख होते, हिशेब चोख होता. आणि त्या वहीच्या भरवशावर त्याने वडिलांचे सोयाबीनचे पैसे मोबाईलवरच्या पैजेत घालवले होते. तो म्हणाला, "सर, मी अभ्यास करून लावलं होतं. माझा हिशेब चुकला कुठं?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याला 'जुगार वाईट' एवढेच उत्तर देणे म्हणजे त्याची बोळवण करणे झाले असते. म्हणून थोडे मागे, अगदी मुळापर्यंत जाऊ.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. सर्वस्व गमावलेला जुगारी तेथे आपली कहाणी सांगतो, आणि शेवटी त्याला उपदेश मिळतो तो फासे सोडून शेती करण्याचा. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यानात हाच बेहडा पुन्हा भेटतो, पण आता त्याचे रूप वेगळे आहे. नळराजा द्यूतात राज्य हरला आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दोघे विदर्भाकडे रथातून जात असता वाटेत बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने नुसत्या नजरेने सांगितले, की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. नळाने रथ थांबवला, झाड पाडले आणि मोजून पाहिले. संख्या बरोबर निघाली. तेव्हा ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवले. ते कळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला.

कथा ती कथा. पण तिच्यातली कल्पना पाहा. फाशांचे मर्म आणि मोजणीचे शास्त्र ही एकच विद्या आहे, असे त्या प्राचीन कथाकाराला वाटले. आणि नळाने राजाचा शब्द तसाच मानला नाही, तो पडताळून पाहिला. अंदाजाच्या शास्त्राचे हे दोन्ही पाय झाले: आधी अंदाज बांधणे, मग मोजून ताडणे.

या मोजणीला गणिताची बैठक देणाऱ्यांत आपल्या प्रदेशाचाही वाटा आहे. भास्कराचार्यांचा लीलावती हा ग्रंथ इ. स. ११५० चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लीलावतीत एक गोड उदाहरण येते. सहा रस आहेत. त्यांतला एकेक घेतला, दोन-दोन मिसळले, तीन-तीन मिसळले, तर किती चवी होतील? उत्तर असे: ६, १५, २०, १५, ६ आणि १, मिळून ६३. स्वयंपाकघरातले हे गणित पुढे खेळाच्या मैदानावर उपयोगी पडते, ते कसे हे थोड्या वेळाने पाहू.

युरोपात हेच गणित जुगाराच्या एका भांडणातून पुढे आले. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून एक कोडे सोडवले. दोन खेळाडू बरोबरीचे आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने ६४ नाणी न्यावयाची. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मध्येच थांबला. पैसे कसे वाटावेत? पास्कालने सांगितले, पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६. कारण पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर सगळेच त्याचे, हरला तर दोघे बरोबरीत, म्हणजे ३२ तर त्याचे ठरलेलेच. उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क. झालेल्या डावांवरून पुढल्या डावांचे मोल ठरवण्याची ही रीत. आज सामन्याआधी जे भाव बोलले जातात, त्यांचे मूळ या रीतीत आहे.

आता त्या मुलाच्या वहीकडे येऊ. तिच्यात पहिली चूक होती ती थोड्या सामन्यांवर विसंबण्याची. समजा, दोन गावांचे कबड्डीचे संघ अगदी तोलामोलाचे आहेत आणि त्यांचे पाच सामने झाले. निकाल किती तऱ्हांनी लागू शकतात? ३२ तऱ्हांनी. एका संघाचे शून्य, एक, दोन, तीन, चार किंवा पाच विजय होण्याच्या तऱ्हा अनुक्रमे १, ५, १०, १०, ५, १. हेच ते भास्कराचार्यांचे चवींचे गणित. यांतल्या १२ तऱ्हांत एक संघ निदान चार सामने जिंकतो. म्हणजे संघ सारखेच असले, तरी आठांत तीन वेळा आपल्याला एक संघ भारी आणि दुसरा हलका भासणार! मागल्या पाच सामन्यांचा निकाल पाहून पैज लावणारा माणूस पुष्कळदा असा भासच विकत घेत असतो.

दुसरी चूक एका माणसाच्या आकड्यावरून संघाचे मोल ठरवण्याची. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. एका बाजूस हिंदू, दुसऱ्या बाजूस शेष संघ. शेष संघाच्या दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे यांनी ३०९ धावा काढल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. असा पराक्रम क्वचितच कोणी केला असेल. आणि तरी शेष संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला! कारण हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला होता आणि शेष संघाचा पहिला डाव १३३ त आटोपला होता.

मग संघाचे बळ मोजावे कसे? अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या विटीदांडूसारखीच त्यातही टोलवण्याची आणि झेलण्याची गंमत असते. तेथील जाणकारांनी एक साधा ठोकताळा काढला. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याने दिलेल्या धावांचा वर्ग घ्या, आणि पहिल्याला दोहोंच्या बेरजेने भागा. सरासरी पाच धावा करणारा आणि चार देणारा संघ घेतला, तर पंचवीस भागिले एकेचाळीस, म्हणजे शंभरात सुमारे ६१ सामने तो जिंकावा. दीर्घ हंगामात हा ठोकताळा बराच जुळतो. पण उद्याच्या एका सामन्याबद्दल तो एवढेच सांगतो, की शंभरात ३९ वेळा हाच बलवान संघ हरेल.

तिसरी गोष्ट भावाची. हीच सर्वांत महत्त्वाची, आणि हीच कोणी सांगत नाही. समजा, दोन संघ बरोबरीचे आहेत. पैज घेणारा म्हणतो, शंभर लावा, जिंकलात तर मुद्दलासह १९० देतो. दोन माणसांनी दोन बाजूंवर शंभर-शंभर लावले. त्याच्याकडे दोनशे आले, त्याने १९० दिले, दहा त्याचे. संघ कोणताही जिंको! तुम्ही अशा शंभर पैजा लावल्या आणि त्यांतल्या पन्नास जिंकल्या, तर दहा हजार घालून साडेनऊ हजार परत आले. नफ्यात यावयाचे, तर शंभरात निदान त्रेपन्न वेळा बरोबर ठरावे लागते.

हा कापही जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. घोड्यांच्या शर्यतींत टोटलायझेटर नावाची पद्धत असते. तीतही जमलेल्या पैशांतून कर आणि क्लबचा हिस्सा आधी वजा होतो, मग उरलेले विजेत्यांत वाटले जाते. वाटणारा कधी हरत नाही.

आणि भाव ठरतो तो कशावरून? तुमच्या वहीत जे आकडे आहेत, ते त्यालाही ठाऊक असतात. संघ बलवान असेल, तर त्याचा भाव आधीच उतरलेला असतो. बाजारात सोयाबीन चांगले आले हे तुम्हांला कळते, तेव्हा व्यापाऱ्याला ते आधीच कळलेले असते. तशातलाच हा प्रकार.

याहून वाईट म्हणजे, जेथे पैसा फार तेथे खेळच विकला जातो. १९१९ साली अमेरिकेत बेसबॉलची अखेरची मालिका शिकागो आणि सिनसिनाटी या संघांत झाली. हंगामात सिनसिनाटीने ९६ सामने जिंकून ४४ गमावले होते, शिकागोने ८८ जिंकून ५२ गमावले होते. तरी नाव शिकागोचे मोठे म्हणून भाव शिकागोच्या बाजूने होता. मालिका तोंडावर आली आणि भाव एकाएकी फिरला. सिनसिनाटीने पाच विरुद्ध तीन अशी मालिका जिंकली. पुढे उघडकीस आले, की शिकागोच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संधान बांधले होते. १९२१ साली न्यायालयात ते सुटले, पण आठ खेळाडूंना खेळातून कायमचे काढण्यात आले. २००० साली क्रिकेटमध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे प्रकरण आपण सर्वांनी ऐकलेच आहे. ज्याचा निकाल आधीच विकला गेला, त्या सामन्यापुढे कोणती वही उपयोगी पडणार?

आपल्या मुंबईत तर खेळाचीही गरज उरली नाही. एकोणिसाव्या शतकात तेथे पाऊस पडेल की नाही यावर पैजा लागत. पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पैसे लागू लागले. कापूस पिकवणाऱ्याचा घाम आमच्या नांदेड-परभणीच्या काळ्या रानात, आणि त्याच्या भावाच्या शेवटच्या अंकावर पैज मुंबईच्या गल्लीत! १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे थांबले. तरी व्यसन थांबले नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने आणि १९६४ मध्ये रतन खत्री याने मटका सुरू केला. तीन पत्ते काढावयाचे, बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. दहांतला एक अंक लागावयाचा आणि रुपयाला नऊ रुपये मिळावयाचे. म्हणजे दर रुपयामागे दहा पैसे कायमचे गेले. येथे तर अभ्यासालाही जागा नव्हती, तरी माणसे रोज वह्या भरून 'चाल' शोधीत बसत.

कायद्याने हे वेळोवेळी अडवले. मुंबई इलाख्याचा जुगारविरोधी कायदा १८८७ चा. १९५७ साली बक्षिसी स्पर्धांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या त्याच जुगाऱ्याची आठवण करून दिली आणि जुगार हा व्यापार म्हणवून घेऊ शकत नाही, असा निर्णय दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कायदा हवाच, पण घरातल्या शहाणपणाची जागा तो घेऊ शकत नाही.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बाबा, तुझा हिशेब चुकला नाही. तू तो चुकीच्या दुकानात नेलास." ती वही फेकण्याजोगी नव्हती. तिच्यात जी चिकाटी होती ती शेताच्या जमाखर्चाला, पावसाच्या नोंदीला, बाजारभावाच्या टिपणाला लागली असती, तर तिचे मोल झाले असते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. शाळांच्या कबड्डी-खोखोच्या सामन्यांची नोंदवही मुलांकडून ठेववा. सामन्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज, शंभरात किती, असा लिहून ठेवावा. वर्षअखेरीस ताडून पाहावे, की ज्याला साठ म्हटले ते खरोखरच साठांच्या आसपास जिंकले का. पैसा एकही लागणार नाही, आणि आपल्या खात्रीतली किती खात्री पोकळ होती, हे मुलांना आपल्याच अक्षरात वाचावयास मिळेल.

तो मुलगा आता आपल्या गावच्या शाळेत सामन्यांच्या दिवशी गुणलेखक म्हणून बसतो. वही तीच आहे. मागली पाने त्याने फाडली नाहीत. "राहू द्या सर," म्हणाला, "किती गेले ते मोजलेलं बरं."