मोर्तब आणि टॅग

शिवाजी पेठेतल्या आमच्या विद्यार्थ्यांना ई-पुस्तकातले टॅग शिकवताना आम्ही शिवकालीन मोडी पत्राचा दाखला देतो. ओळ अखंड, शब्दही सुटे नाहीत. पण अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची मुद्रा. मजकूर इथे संपला. पुढे कोणी भर घालू नये. १९८६ साली प्रमाणित झालेल्या एसजीएमएलचा आणि त्यातून घडलेल्या एचटीएमएलचा गाभा हाच: मजकुराचा कोणता भाग काय आहे, ते खुणेने सांगणे. प्रकरणाचे नाव नुसते मोठे व ठळक केले, तर डोळस वाचकाचे भागते. अंध वाचकाला वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला मात्र तो आणखी एक परिच्छेदच. तिथे ‘एच-वन’ हवा. ‘ईएम’ अक्षरे तिरपी करतो म्हणून काहीजण तो टाळतात. देवनागरीत तिरप्या अक्षराची परंपरा क्षीण (आम्हांलाही ते कलत्या कुंपणासारखे वाटते), हे खरे. परंतु भर ‘ईएम’ने नोंदवावा, तो ठळक दाखवायचा की तिरपा, हे शैलीपत्रकात ठरवावे.